खाली बसणारी खुर्ची आणि तीस रुपयांचा पाइप



या समूहावर आपण बहुतेकजण जुन्या वाड्यांच्या, गणेशोत्सवाच्या, लग्नकार्यांच्या आठवणी लिहितो. मी आज एका खुर्चीबद्दल लिहिणार आहे. विषय किरकोळ आहे हे मान्य. पण गेले काही महिने या खुर्चीने आमच्या ग्वाल्हेरच्या घरात बरीच चर्चा घडवून आणली, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं. ते मांडावंसं वाटतं.

ही खुर्ची आमच्याकडे जून २०२० मध्ये आली. लॉकडाउनमध्ये चिरंजीव गुरुग्रामहून घरी आले ते सव्वा वर्ष राहिले. दिवसभर लॅपटॉपवर काम. जेवणाच्या टेबलाच्या लाकडी खुर्चीवर आठ दिवसांत पाठ धरली, म्हणून त्याने साडेसहा हजारांची ऑफिसची फिरती खुर्ची मागवली. काळी, जाळीदार पाठीची, पाच चाकांची. रात्री उशिरापर्यंत त्याच्या खोलीतून तिची कुरकुर ऐकू यायची. ही म्हणायची, "अजून जागाच आहे वाटतं." नंतर ऑफिसं उघडली, तो परत गेला आणि खुर्ची माझ्या टेबलापाशी आली. पासबुकं, विजेची बिलं, सोसायटीचे हिशेब असा माझा सगळा कारभार तिच्यावरून चालतो.

यंदा होळीनंतर ती खाली बसायला लागली. म्हणजे मी बसलो की पाच-सात मिनिटांत हळूहळू ती तळाला जायची. टेबल हनुवटीपाशी. शाळेत पहिल्या बाकावरच्या बुटक्या मुलासारखा मी लिहायचो. उठायचं, दांडी ओढायची, वर घ्यायची, पुन्हा तेच. पहिल्यांदा हसू आलं. पण एके दिवशी हिने फोन घेताना पटकन तिच्यावर टेकलं आणि खुर्ची गपकन खाली गेली. हिचा एक गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललेला. पडली नाही, पण इतक्या खालून उठताना चाकं सरकली आणि टेबलाचा कोपरा हातात आला म्हणून निभावलं. त्यानंतर हसण्याचा विषय संपला.

चिरंजीवांना फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, टाकून द्या ना. आजच नवी ऑर्डर करतो." त्याच्या मनात काळजीच होती, त्याला दोष नाही. गल्लीतल्या कबाडीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "बाबूजी, डेढ़ सौ दे दूँगा." मी जवळजवळ हो म्हणणार होतो. तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, माझा गुडघा गेला तेव्हा गुडघाच बदलला ना? नवी बायको तर नाही मागवली?"

आता यावर कोण काय बोलणार!

पण बोलणं डोक्यात राहिलं. मी जिवाजी विद्यापीठाचा बी.कॉम. १९७३ साली बँकेत लागलो, २०११ मध्ये निवृत्त झालो. आमच्या सुरुवातीच्या काळात शाखेत वेताच्या बैठकीच्या लाकडी खुर्च्या असत. वेत झिजून बैठकीला भोक पडलं की खुर्ची बाजूला काढून ठेवायची. चार-पाच जमल्या की एक अंध कारागीर यायचे. व्हरांड्यात बसून, भोकं बोटांनी चाचपत, ओला वेत ओढत दिवसभरात बैठक विणून द्यायचे. त्या काळी वेत विणण्याचं शिक्षण अंधशाळांतून दिलं जाई आणि सरकारी कचेऱ्यांत हे काम त्यांच्याकडे जाई. लाकूड तेच, पाय तेच, फक्त बैठक नवी. त्यांना कधी कुणी विचारलं नाही की ही खुर्ची दुरुस्त करण्यालायक आहे का. वेत तुटला तर वेत बदलायचा, इतकं ते सरळ होतं.

पुढे फोमच्या खुर्च्या आल्या, मग फिरत्या आल्या. मी मॅनेजर झालो तेव्हा डेडस्टॉक रजिस्टरमधल्या कितीतरी खुर्च्या 'निरुपयोगी' म्हणून लिलावात काढण्याच्या कागदांवर मीच सह्या केल्या आहेत. नेमकं काय बिघडलं आहे हे एकदाही वाकून पाहिलं नाही. आता वाटतं, निम्म्या तरी चालू होण्यासारख्या असतील.

म्हणून या वेळी आधी हिशेब मांडला. सवय जात नाही. फर्निचरवर आयकराच्या हिशेबात दरवर्षी १० टक्के घसारा धरतात, तोही उरलेल्या किमतीवर. साडेसहा हजारांची खुर्ची पाच वर्षांनी वहीत साधारण ३,८३८ रुपयांची राहते. कबाडीवाल्याच्या मते ती दीडशेची. म्हणजे एक भाग बिघडला म्हणून मी ३,६८८ रुपयांचा तोटा स्वतःहून खाती लिहायला निघालो होतो, आणि वर नव्या खुर्चीचे पैसे वेगळे. बँकेत असं कुणी केलं असतं तर मी खुलासा मागितला असता.

मग खुर्ची उलटी केली आणि पाहिलं. पाय शाबूत, चाकं शाबूत, पाठ शाबूत, बैठकीखालचा पत्रा शाबूत. बिघडली होती फक्त मधली नळी. या नळीत दाबाखाली नायट्रोजन वायू भरून ती सीलबंद केलेली असते. दांडी ओढली की आतली झडप उघडते आणि बैठक वर-खाली होते, दांडी सोडली की वायू अडकून राहतो आणि तोच आपलं वजन पेलतो. सील झिजलं की वायू निसटतो आणि खुर्ची बसते. हा वायू घरी भरता येत नाही. दोनच मार्ग उरतात. नवी नळी टाकायची, नाहीतर तिला खाली जाऊच द्यायचं नाही.

लोहिया बाजारात गेलो. एका दुकानदाराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गैस निकल गई, बाबूजी. क्लिप कस के देख लो." चाळीस रुपयांची होज क्लिप दिली, रबरी नळीवर आवळतात तो स्क्रूचा स्टीलचा पट्टा. घरी येऊन नळीवरची प्लॅस्टिकची टोपणं खाली सरकवली, आतल्या चकचकीत दांड्यावर थोडी चिकटपट्टी गुंडाळली आणि त्यावर क्लिप करकचून आवळली. चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी क्लिप घसरायला लागली. गुळगुळीत दांडा, माझं वजन ७८ किलो. नुसत्या पकडीवर किती भार टाकणार?

तेव्हा लक्षात आलं की वजन पकडीने नाही, टेकूने पेलायला हवं. दांड्याभोवती सुतळी गुंडाळून माप घेतलं, ८८ मिलिमीटर भरलं. ३.१४ ने भागलं, व्यास २८ मिलिमीटर. तीच सुतळी खिशात घालून पुन्हा लोहिया बाजार. आतून एवढ्याच किंवा किंचित जास्त व्यासाचा, जाड भिंतीचा पीव्हीसी पाइप मागितला. एक इंची पाइपाचा वीतभर तुकडा तीस रुपयांत मिळाला.

पुढचं काम अर्ध्या तासाचं. रिकामी खुर्ची वर ओढून बैठक जमिनीपासून अठरा इंचांवर धरली. बसल्यावर फोम इंचभर दबतो, म्हणजे सतरा. माझे तळवे जमिनीवर सपाट टेकतात आणि मांड्या आडव्या राहतात ती हीच उंची. त्या वेळी दांडा सात सेंटीमीटर उघडा दिसत होता, तेवढाच तुकडा करवतीने कापला. दोन्ही टोकं सरळ कापली जायला हवीत, तिरकी झाली तर भार एका बाजूला येतो. मग तुकड्याला एका बाजूने उभा छेद दिला, कडा पॉलिश पेपरने घासल्या, छेद फाकवून तो दांड्यावर बसवला आणि वरून टोपणं ओढून घेतली. बाहेरून काहीच दिसत नाही. जाडजूड माणूस असेल तर छेद फाकू नये म्हणून वरून तीच क्लिप आवळावी. माझे चाळीस रुपये असे कामी आले.

एकूण खर्च सत्तर रुपये. खुर्ची अजून गोल फिरते, पण खाली जात नाही. हिच्यासाठी टेबलाखाली जाड सतरंजीचा तुकडा घातला, म्हणजे उठताना चाकं पळत नाहीत.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. या दुरुस्तीत उंची कमी-जास्त करण्याची सोय गेली. पण पाच वर्षांत मी ती सोय किती वेळा वापरली? एकदाही नाही. चाळीस माणसं आळीपाळीने बसतात त्या ऑफिसात ती हवी. आमच्या घरात एकच उंची लागते.

कुणी म्हणेल, हा तात्पुरता जुगाड झाला. असेल. पण आपण लश्करात राहतो मंडळी! १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेने किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, तोही तात्पुरताच होता. त्या छावणीचं शहर झालं आणि तुमचे-माझे पूर्वज तिथेच राहिले. तेव्हा तात्पुरत्या गोष्टींना निदान आपण तरी हसू नये.

मात्र काटकसर आणि कंजुषी यांत फरक आहे, तो सांभाळावा. ही नळी तापवू नका, तिला भोक पाडू नका, कापायचा प्रयत्न करू नका. आत दाबाखालचा वायू असतो. पायाच्या चक्राला तडा असेल, बैठकीखालचा पत्रा फाटला असेल किंवा दांडा डुगडुगत असेल तर पाइपाच्या भानगडीत पडू नका. तिथे नवी नळी किंवा नवी खुर्चीच घ्यावी, म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड सत्तर रुपयांपेक्षा महाग आहे. नवी नळी सातशे-आठशेला मिळते. ती बोल्टने नाही, निमुळत्या टोकाने घट्ट बसलेली असते, म्हणून काढायला पाइपपाना, रबरी हातोडा आणि तरुण मनगट लागतं. मिस्त्रीकडून करून घ्यावं. तीही दुरुस्तीच.

आणि आपल्या पिढीचीही एक खोड कबूल करतो. दुरुस्त करू, दुरुस्त करू म्हणत आपण माळे भरून ठेवतो. आमच्या माळ्यावर तीन इस्त्र्या आणि एक रेडिओ आहे. ते जपणं नव्हे, नुसती अडगळ आहे. दुरुस्त करायची तर या महिन्यात करावी, नाहीतर कबाडीवाल्याला बोलवावं.

सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही त्याची चार क्षेत्रं. चांगलं पाऊल आहे. माझी साधी मागणी आहे की खुर्ची विकणाऱ्यानेही बैठकीखाली नळीचं माप छापावं आणि ती नळी सुटी विकावी. एवढं केलं तरी कितीतरी खुर्च्या कबाडात जायच्या वाचतील.

तर माझं मत इतकंच. 'मोडलं' म्हणण्याआधी वाकून पाहावं की नेमकं काय मोडलं आहे. बहुतेकदा एकच भाग गेलेला असतो आणि आपण सगळी वस्तू बाद करतो. चाळीस वर्षं सह्या करताना मी हे पाहिलं नाही, चौऱ्याहत्तराव्या वर्षी पाहिलं.

दिवाळीला चिरंजीव आले होते. रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप घेऊन जुन्या सवयीने त्याच खुर्चीत बसले. थोड्या वेळाने दांडी ओढून पाहिली, खुर्ची हलली नाही. वाकून, टोपण सरकवून पाइप पाहिला आणि हसायला लागला. म्हणाला, "बाबा, गुरुग्रामची माझी खुर्चीपण बसायला लागलीय. एक तुकडा कापून द्या ना."

उरलेला पाइप होताच. पण तिथल्या दांड्याचं माप कुणाला ठाऊक? म्हणून त्याला सुतळी दिली आणि सांगितलं, माप घेऊन कळव. रात्री बराच वेळ खोलीतून कुरकुर ऐकू येत होती. ही म्हणाली, "अजून जागाच आहे वाटतं."

तुमच्या घरात अशी कुठली वस्तू सत्तर-शंभर रुपयांत पुन्हा उभी राहिली असेल तर खाली जरूर लिहा. कुणाला माप घेण्यात अडचण आली तर विचारा, मी दुपारी चारनंतर मोकळाच असतो.

— लश्करातला एक निवृत्त बँकवाला