अहवालात फोटो, वस्तीत चिखल

वर्ष संपले की आपल्या वाशिम जिल्ह्यातील शहरांत 'नगर विकास', 'शहर विकास' अशी नावे धारण करणाऱ्या मंडळांचे अहवाल हाती पडतात. १४ एप्रिलला रक्तदान, जूनमध्ये वह्यांचे वाटप, पावसाळ्यात वृक्षारोपण, धम्मचक्र प्रवर्तन दिनी अन्नदान, ६ डिसेंबरला अभिवादन. मध्ये कुठेतरी गुणवंतांचा सत्कार. प्रत्येक पानावर फोटो आणि फोटोत तीच माणसे, फक्त शाल बदललेली.

आम्ही या कार्यक्रमांची टिंगल करीत नाही. वह्या मिळालेल्या मुलाच्या घरचा तेवढा खर्च वाचतो, रक्ताची पिशवी कुणाच्या तरी कामी येते. पण ज्या संस्थेच्या नावात 'नगर' आणि 'विकास' हे दोन शब्द आहेत, तिच्या वर्षभराच्या अहवालात नगरपरिषदेचे नाव फक्त आभार प्रदर्शनात यावे, हे आम्हाला खटकते.

आंबेडकरी चळवळीला नगरपालिका म्हणजे काय हे कुणी शिकवण्याची गरज नाही. आपला पहिला मोठा लढाच एका नगरपालिकेच्या ठरावावरून झाला. मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांचा ठराव मंजूर केला आणि महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले. ठराव कागदावर होता, पाणी तळ्यात होते, आणि अस्पृश्य मात्र काठावरही जाऊ शकत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्यावर गेले ते झालेला ठराव अमलात आणण्यासाठी. नगरपालिकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठराव रद्द केला, डिसेंबरात सनातन्यांनी दिवाणी दावा ठोकला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षे बाबासाहेबांनी एका नगरपालिकेच्या तळ्याचा कागद सोडला नाही. आजचे मंडळ एका नालीच्या कागदासाठी दहा आठवडे तरी टिकते का?

त्याआधी १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे पहिले वर्षही पाहावे. स्थापना जुलैमध्ये, आणि १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह सुरू. सभाही पुष्कळ झाल्या, पण त्या सभांतून उभे राहिलेले काम दाखवता येत होते.

आता आपल्याकडे पाहू. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांच्या घरात, त्यात अनुसूचित जाती जवळपास पाचवा हिस्सा. २०१८ मध्ये नीती आयोगाने त्याची गणना आकांक्षित जिल्ह्यांत केली, म्हणजे साध्या मराठीत मागास. खेड्यातून पोटासाठी आलेला आपला माणूस शहराच्या कडेला, नाल्याकाठी, सरकारी जागेवर टिनपत्रे टाकून राहतो. तो मालमत्ता कर भरतो, पावती जपून ठेवतो, आणि अतिक्रमणाची नोटीस आली की ती पावती घेऊन वकिलाकडे येतो. त्याला सांगावे लागते की कराची पावती म्हणजे मालकी नव्हे. ती तिथल्या वास्तव्याचा पुरावा आहे, आणि हा पुरावा फार मोलाचा आहे. कारण 'सर्वांसाठी घरे' धोरणाखाली राज्य शासनाने २०१८ मध्ये शासकीय जागेवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे अटींवर नियमानुकूल करण्याची वाट मोकळी केली. रमाई आवासचे घरकुल जागेच्या कागदावाचून अडते, ते अशा वेळी सुटू शकते. शिवाय ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला आहे. नोटीस न देता, म्हणणे ऐकून न घेता झोपडी पाडणे हा कायदा नव्हे.

हे काम मंडळाचे नाही तर कुणाचे? घरोघर जाऊन २०११ पूर्वीच्या पावत्या, वीजबिले, मतदारयादीतली नावे गोळा करायला मंडप लागत नाही, ध्वनिक्षेपक लागत नाही. चार शिकलेली पोरे आणि एक वही लागते. अर्थात त्यात सत्कार नाही, ही अडचण आहे!

दुसरी गोष्ट पैशाची. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे. तिने आणलेल्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत आणि त्यात दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण, झोपडपट्टी सुधारणा, नागरी दारिद्र्य निर्मूलन हे विषय स्पष्ट लिहिलेले आहेत. नगरपरिषदेने दुर्बल व मागासवर्गीय घटकांसाठी स्वतःच्या उत्पन्नातून ५ टक्के निधी ठेवायचा असतो. तो कुठे खर्च झाला हे विचारणारे मंडळ आमच्या पाहण्यात विरळा. दलित वस्तीच्या नावाने आलेल्या पैशातला रस्ता वस्तीच्या तोंडाशी थांबतो आणि पुढे वळून भलत्याच लेआउटकडे जातो, तेव्हा ओरड करायला मात्र सगळे जमतात. तोपर्यंत डांबर पडलेले असते.

राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर २०२१-२२ पासून प्रशासक होते. त्या काळात विचारायचे कुणाला, हे उत्तर सोयीचे होते. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर ती सोयही गेली. राखीव जागेवरून निवडून आलेले आपले सदस्य सभागृहात बसतात. मंडळांनी त्यांना हार घालून झाले असतील, तर आता सभेची विषयपत्रिका मागावी, आणि गटारात उतरणाऱ्या आपल्या सफाई कामगारांना साधने दिली का, हा प्रश्न त्यांच्याकरवी विचारावा. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. गटारात मृत्यू झाल्यास ३० लाखांची भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये बजावले. मेल्यावरच्या भरपाईचा अर्ज लिहिण्यापेक्षा हातमोज्यांचा अर्ज आधी लिहिलेला बरा.

यंदाच्या दिनदर्शिकेत जयंतीच्या तारखा आहेतच. त्यांच्या शेजारी अंदाजपत्रकाच्या सभेची तारीख लिहावी, आणि त्याआधी मागील तीन वर्षांच्या ५ टक्के निधीचा हिशेब माहिती अधिकारात मागावा. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस.