सामान उतरवण्याचा क्रम

मे महिन्याची सुट्टी लागली की पुणे, नाशिक, कोल्हापूर, ठाण्याहून स्वतःच्या गाडीने उत्तरेकडे निघणारी कुटुंबे आता नवलाईची राहिलेली नाहीत. कुणी स्पितीला जाते, कुणी लडाखला, कुणी थेट अरुणाचल गाठते. तयारी कित्येक महिने चाललेली असते. मुक्काम ठरतात, टायर बदलले जातात, गाडीची सर्व्हिसिंग होते, नकाशे फोनमध्ये उतरवून घेतले जातात. सामान मात्र आदल्या रात्री जेवणे आटोपल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये भरले जाते. एकजण डिकीत पिशव्या कोंबत असतो आणि बाकीचे ‘हे राहिलंच’ म्हणत आणखी चार आणून देत असतात. दार कसेबसे लागले की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात.

इथेच विचारात गफलत होते. दोन-अडीच हजार किलोमीटरच्या प्रवासात सामान गाडीत मावले की नाही, हा त्यातल्या त्यात सोपा प्रश्न. कोणती वस्तू कधी, किती घाईने आणि कसल्या परिस्थितीत बाहेर काढावी लागेल, हा खरा प्रश्न. आणि वस्तूची जागा त्यावरून ठरायला हवी.

समजा, रात्रीचे नऊ वाजले आहेत, पाऊस आहे, महामार्गाच्या कडेला मागचा टायर बसला आहे. अनेक गाड्यांत स्टेपनी डिकीच्या तळाशी, गालिच्याखालच्या फळीखाली असते. जॅक आणि पाना कुठे सीटखाली, कुठे डिकीच्या बाजूच्या कप्प्यात. म्हणजे स्टेपनीपर्यंत हात पोचायला आधी पाच माणसांचे पंधरा दिवसांचे सामान चिखलात उतरवायचे. मुले गाडीबाहेर उभी, शेजारून ट्रक वेगाने जाताहेत, आणि मागून येणाऱ्यांना सावध करणारा लाल त्रिकोण सगळ्यात खालच्या बॅगेच्याही खाली. टायर बदलायला वीस मिनिटे पुरतात. त्याआधीचा जो वेळ सामान काढण्यात जातो, तोच जास्त धोक्याचा असतो. म्हणून त्रिकोण, टॉर्च आणि प्रथमोपचाराची पेटी डिकीत ठेवूच नये. त्यांची जागा पुढच्या दाराच्या कप्प्यात किंवा चालकाशेजारच्या सीटखाली, घट्ट अडकवलेली. आपल्या गाडीला स्टेपनी आहे का, हेही निघण्याआधी पाहिलेले बरे. ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचे किट असेल तर मोटारीला जादा चाक नसले तरी चालेल, अशी मुभा २०२० मध्ये नियमांत मिळाली आहे. टायरची बाजू फाटली तर ते किट उपयोगाचे नाही.

सामानाच्या क्रमाची ही शिस्त आपल्याला परकी नाही. आषाढी वारीत दिंडीबरोबर चालणारा ट्रक पाहावा. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट, जवळजवळ तीन आठवडे, रोज नवा मुक्काम. राहुट्या, कनाती, पातेली, शिधा, वारकऱ्यांच्या वळकट्या सगळे त्या एका ट्रकमध्ये. पालखी मुक्कामी पोचण्याआधी ट्रक पुढे गेलेला असतो, कारण माणसे थकून येतात तेव्हा निवारा आणि चूल तयार लागते. मुक्कामी आधी लागतात त्या राहुट्या; त्या सगळ्यात शेवटी चढवल्या तरच सगळ्यात आधी उतरतात. चालणाऱ्याच्या खांद्यावर मात्र दिवसभर लागेल तेवढेच, एका पिशवीत. चार चाकांवर लडाखला निघालेल्या कुटुंबालाही हीच विभागणी हवी. दिवसभराची पिशवी माणसांजवळ, मुक्कामाची बॅग डिकीत दाराशी आणि ‘लागलेच तर’ म्हणून घेतलेले सामान आत खोलवर. आठ रात्री आठ हॉटेलांत काढायच्या असतील तर प्रत्येकाची स्वतंत्र मोठी बॅग रोज खाली उतरवण्यात अर्थ नाही. दोन रात्रींचे सगळ्यांचे कपडे एका बॅगेत आणि बाकीचे गाडीतच, ही सोय एकदा केली की पुन्हा दुसरी पद्धत नकोशी होते.

आता वजनाकडे येऊ. हा विषय घराघरांत जवळजवळ निघतच नाही. इमारतीच्या लिफ्टमध्ये ‘८ माणसे, ५४४ किलो’ अशी पाटी ठळकपणे लावलेली असते. त्याच इमारतीखाली उभ्या असलेल्या मोटारीत किती भार चालतो, हे मालकाला विचारले तर सांगता येत नाही. गाडीचे रिकामे वजन आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत कंपनीने ठरवून दिलेले कमाल वजन, यांतला फरक म्हणजे तिची वहनक्षमता. समजा ती ४५० किलो आहे. सरासरी सत्तर किलोची पाच माणसे बसली की ३५० किलो संपले. उरलेल्या १०० किलोत सगळ्यांच्या बॅगा, वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो, खाणे, हत्यारे, टपावरचे कॅरिअर आणि त्याच्यावरचे सामान. डोक्यामागे वीस किलोसुद्धा येत नाहीत. आकडा असा कागदावर मांडला की घरातला निम्मा वाद आपोआप मिटतो. पण तो मांडण्यासाठी आधी माहीत हवा, आणि आज तो मॅन्युअलच्या पानांत शोधावा लागतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेचा तक्ता असतो, तिथेच वहनक्षमता आणि टपावरचा कमाल भार, ठळक अक्षरांत आणि भारतीय भाषांत छापणे कंपन्यांना बंधनकारक करायला हवे. यात खर्च जवळजवळ नाही. सरकारने हे मनावर घ्यावे, असे आम्हाला कळकळीने वाटते.

त्या तक्त्यात हवेचे दोन आकडे असतात, एक कमी भारासाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. पंपावर हवा भरणारा मुलगा सवयीने एकच आकडा लावतो. भरलेली गाडी कमी हवेवर उन्हाळ्यात तासन्‌तास पळवली की टायर तापतो, आणि तापलेला टायर फुटतो.

वजन कुठे ठेवले, यालाही तितकेच महत्त्व आहे. जड वस्तू तळाशी आणि मागच्या सीटच्या पाठीला अगदी टेकून, म्हणजे शक्य तितक्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या दरम्यान. तेच वजन डिकीच्या दाराशी, मागच्या चाकांच्याही मागे गेले की गाडीचे बूड बसते आणि नाक वर येते. पुढच्या चाकांवरचा दाब घटतो, स्टिअरिंग हलके लागते आणि हेडलाइटचा झोत रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असते. झोत खाली आणण्यासाठी ती दिलेली असते. गाडी भरल्यावर ती फिरवणारे चालक किती असतील? टपावर तर हलक्या, फुगीर वस्तूच हव्यात. मनाली-लेह रस्त्यावर गाटा लूप्सची लागोपाठ २१ वळणे आहेत. टपावर सत्तर किलो लादलेली गाडी तिथे प्रत्येक वळणाला बाहेरच्या बाजूला झुकते आणि आत बसलेल्यांना ते पोटातून जाणवते. चालकाला प्रत्येक वळण जपून घ्यावे लागते आणि दिवसअखेर तो पिळून निघतो.

सुट्या वस्तूंबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एकाएकी आदळून थांबली तर आतली सुटी बाटली त्याच वेगाने पुढे जात राहते. हा वेग सेकंदाला सुमारे २२ मीटर होतो. सुमारे २५ मीटर उंचीवरून, म्हणजे आठ मजली इमारतीच्या गच्चीवरून सोडलेली वस्तू याच वेगाने जमिनीवर येते. भरलेल्या एक लिटरच्या बाटलीचे हे गणित आहे; मागच्या काचेपाशी ठेवलेला लोखंडी जॅक किंवा पाच किलोचा सिलिंडर यांचे काय होईल ते वेगळे सांगायला नको. म्हणून सामानाची उंची मागच्या सीटच्या पाठीपेक्षा वर जाता कामा नये. गेलीच तर मध्ये पक्की जाळी हवी. सगळे सामान पट्ट्याने बांधायचे आणि पट्टा गाडीतल्या धातूच्या कड्यांना अडकवायचा. ही कडी बहुतेक डिक्यांत असतात, पण गालिच्याच्या कडेला दडलेली असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाहीत. मागे कुणी बसले नसेल तर रिकाम्या सीटचे बेल्टसुद्धा लावून ठेवावेत. डिकीतले सामान पुढे आले तर सीटच्या पाठीला तेवढाच आधार मिळतो. आणि चालकाच्या पायाशी काहीही नको. चप्पल नको, बाटली तर मुळीच नको. ब्रेकखाली घरंगळत गेलेली बाटली घाटात किती महागात पडेल, याची कल्पनाच केलेली बरी.

पेट्यांचे म्हणाल तर महागड्या खोक्यांपेक्षा नारायणगावच्या बाजारात टोमॅटोसाठी वापरतात तो प्लास्टिकचा क्रेट आम्हाला जास्त पसंत आहे. वीसेक किलो सहज पेलतो, एकावर एक नीट बसतो, धरायला खाचा असतात, आत पाणी साचत नाही आणि काय ठेवले आहे ते बाहेरून दिसते. एक क्रेट स्वयंपाकाचा, एक गाडीच्या हत्यारांचा. कपड्यांना मात्र कडक सुटकेसऐवजी मऊ बॅग, म्हणजे उरलेल्या सांदीकोपऱ्यांत ती दबून बसते.

महाराष्ट्रातून लडाखला जाताना आणखी एक अडचण येते. मे-जूनमध्ये राजस्थान किंवा मध्य प्रदेशात पारा ४५ अंशांना टेकलेला असतो आणि त्यानंतर आठवड्याभरात बारालाचा खिंडीच्या बाजूला रात्री पाणी गोठते. एकाच मांडणीत हे दोन्ही प्रदेश बसत नाहीत. लोकरीचे कपडे घरून निघताना तळाशी जातात ते योग्यच, पण ते तिथेच राहिले तर सरचूच्या वाऱ्यात अख्खी डिकी उपसावी लागते, तीही धाप लागत असताना. मनालीत अर्धा दिवस राखून ठेवावा आणि गाडी पूर्ण रिकामी करून नव्याने भरावी. ९ किलोमीटरच्या अटल बोगद्यामुळे ऑक्टोबर २०२० पासून मनालीहून लाहौलला जाणे सोपे झाले आहे, आणि वाचलेला वेळ अशा कामालाच लावावा. पहिल्या टप्प्यात जपायच्या त्या उन्हात तापणाऱ्या वस्तू: औषधे, पॉवर बँक, गॅसचे छोटे डबे, फवाऱ्याच्या बाटल्या. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत यांतले काहीही ठेवू नये. दुसऱ्या टप्प्यात उंचीचा विचार करायचा. टांगलांग ला ही खिंड सुमारे ५,३०० मीटरवर आहे; तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जवळजवळ निम्मा. चिवड्याची हवाबंद पाकिटे फुग्यासारखी ताणली जातात, शाम्पूच्या आणि तेलाच्या बाटल्यांतून द्रव बाहेर येतो. पातळ असेल ते सगळे एका झाकणाच्या डब्यात, उभे.

याच उंचीमुळे एका जड वस्तूचे वजन सार्थकी लागते, आणि ती म्हणजे प्रेशर कुकर. लेहच्या साडेतीन हजार मीटरवर पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळते. उघड्या पातेल्यात डाळ तासभर रटरटली तरी बोटचेपी होत नाही आणि गॅस मात्र संपतो. कुकरच्या आत दाब वाढतो, तापमान ११० अंशांच्या पुढे जाते आणि वरणभात घरच्यासारखा होतो. स्वतः शिजवणार असाल तर तीन लिटरचा कुकर घ्यावा आणि त्याच्या पोटात मसाल्याचे डबे भरावेत. शिजवणार नसाल तर अख्खे स्वयंपाकघर घरीच ठेवावे. शेगडी, भांडी, धान्य सगळे न्यायचे आणि पंधरा दिवस ढाब्यावर जेवायचे, असे करणाऱ्यांची गाडी उगाच ओझे वाहते.

इंधनाच्या बाबतीत मात्र हयगय नको. केलाँगच्या अलीकडे तांदीला ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ अशी पाटी प्रसिद्ध आहे, आणि लहान टाकीच्या गाडीला जादा कॅन लागू शकतो. हे जादा इंधन पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत नेणे म्हणजे गाडीत आग घेऊन फिरणे. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांकडे पातळ पत्र्याचे डबे होते; खडबडीत वाटेवर ते गळायचे आणि इंधनाचा मोठा हिस्सा वाया जायचा. जर्मनांकडचा वीस लिटरचा पोलादी कॅन हाती लागल्यावर त्यांनी तो जसाच्या तसा उचलला, आणि तोच आजचा जेरीकॅन. त्याला वर तीन मुठी असतात. मधली एकट्याने उचलायला, बाजूच्या दोन दोघांनी मिळून न्यायला. रिकामे असतील तर एका हातात दोन कॅन. झाकण तरफेने घट्ट बसते आणि वर थोडी हवेची जागा राहते, म्हणून इंधन प्रसरण पावले तरी कॅन फुटत नाही. असा कॅन घ्यावा, काठोकाठ भरू नये, माणसे बसतात त्या भागात ठेवू नये आणि पहिली संधी मिळताच टाकीत रिकामा करावा.

निघताना एक क्रेट रिकामा ठेवावा, कचऱ्यासाठी. लडाखच्या कोरड्या थंडीत टाकलेला कचरा लवकर कुजत नाही आणि रस्त्यात तो उचलणारी यंत्रणा ठिकठिकाणी नाही. सोबत नेलेली पाकिटे आणि बाटल्या परत खाली आणायच्या, तर त्यांना गाडीत जागा लागणारच.

सगळे भरून झाले की एक चाचणी घ्यावी. ज्याने सामान भरले त्याला बाजूला उभे करायचे. दुसऱ्या कुणाला, शक्यतो घरातल्या मोठ्या मुलाला, पार्किंगचा दिवा बंद करून आधी लाल त्रिकोण, मग प्रथमोपचाराची पेटी, मग जॅक आणि शेवटी स्टेपनी काढायला सांगायचे. पहिल्या दोन वस्तूंसाठी एकही बॅग हलवावी लागली, किंवा स्टेपनीसाठी दोनपेक्षा जास्त उतरवाव्या लागल्या, तर गाडी पुन्हा भरायची. त्यासाठी आदल्या दिवशीची संध्याकाळ लागते, रात्री जेवणानंतरचा तास पुरत नाही.