सतरावे मूल

परवा एका छोट्या उपचार-केंद्राच्या शाळेत जाणे झाले. बाईंना मुलांसाठी मराठी शब्दांचा तक्ता हवा होता, आणि मराठीचा प्राध्यापक म्हणजे शब्दांचा घाऊक व्यापारी, असा लोकांचा समज असतोच!

बाईंनी हजेरीपट पुढे केला. इनमीन १७ नावे. वये पाचपासून अठरापर्यंत. साऱ्यांना सेरेब्रल पाल्सी. म्हणजे मेंदूला अगदी लहानपणी इजा झाल्यामुळे हातापायांवर, पुष्कळदा जिभेवरही ताबा नाही. बुद्धी मात्र अनेकांची शाबूत. घरची भाषा कुणाची मराठी, कुणाची हिंदी, दोघांची गुजराती. शिक्षिका दोन. वर्गात शंभर-सव्वाशे डोकी मोजणाऱ्या मला ही चैनच वाटली. तसे बोलूनही गेलो. बाई हसल्या नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली तात्पुरते प्रमाण घालून दिले, ते असल्या आठ मुलांमागे एक शिक्षक. आठ दुणे सोळा. मग सतरावे मूल कुणाचे? शिवाय शिक्षिका म्हणजे सगळी शाळा नव्हे. मुंबईत १९७२ साली मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटीची शाळा काढली, ती शिक्षण आणि उपचार एकाच छपराखाली असावेत म्हणून. इथेही व्यायाम करून घेणाऱ्या बाई आहेत. पण बोलायला शिकवणाऱ्या बाई जूनमध्ये खासगी दवाखान्यात गेल्या. तिथे पगार बरा. त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा? आणि मुलांना उचलणाऱ्या, भरवणाऱ्या मावशी आठांमागे किती, हे त्या प्रमाणात नाहीच. इथे एकच आहेत.

बोलणाऱ्या बाई नाहीत, म्हणून तर तक्ता. मी रात्री बसून चाळीस शब्द सुवाच्य अक्षरांत लिहिले होते, प्रत्येकाशेजारी चित्र. ‘कृपया’, ‘धन्यवाद’, ‘तहान लागली आहे’. मावशींनी तो न्याहाळला.

‘‘सर, यात ‘नको’ कुठंय?’’

खरेच, नव्हते. मी खिशातले पेन काढून कोपऱ्यात ‘नको’ लिहिले आणि त्यावर फुली मारली. जेवणाची वेळ झाली होती. अकरा वर्षांच्या एका मुलीपुढे मावशींनी भाताचा घास धरला. तिने थरथरती मूठ उचलली. ती दोनदा घसरली, तिसऱ्यांदा कोपऱ्यावर टेकली.

मावशींनी घास ताटात परत ठेवला आणि विचारले, ‘‘मग काय हवं गं, बाय?’’