कच्चं मडकं

शुक्रवारी दुपारी, ऐन क्लायंट कॉलमध्ये पाळणाघरातून फोन. 'अहो, तुमच्या मुलीनं आज परत एकाला चावलं.' परत! मग ताई जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, 'तो रडत होता ना, तर ही हसत होती.'

चावणं एक वेळ समजू शकतो. तीन वर्षांचं माणूस आहे, दात नवे आहेत. पण हसणं? त्या रात्री बायकोची आणि माझी 'ही नक्की कुणावर गेलीय' या विषयावर बराच वेळ चर्चा झाली. (शेजारी तिला भांडण म्हणतात.)

आम्ही पडलो मॅनेजमेंटवाले. लगेच ॲक्शन प्लॅन! फ्रिजवर चार्ट लागला. दिवसभर कुणाला चावलं नाही तर एक स्टार, खेळणं शेअर केलं तर दोन. शिवाय रोज रात्री एक तात्पर्यवाली गोष्ट. आठवड्याभरात बाईसाहेबांनी सिस्टीम क्रॅक केली. मी न मागता पाण्याचा ग्लास आणून द्यायच्या आणि लगेच हात पुढे, 'स्टार?' स्टार संपले त्या दिवशी पाणीही बंद.

नंतर वाचलं तेव्हा डोक्यावर हात मारून घेतला. फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो या दोघांनी २००६ साली दीड वर्षांच्या मुलांसमोर मुद्दाम वस्तू पाडल्या. हात पोचत नसल्याचं नाटक केलं. बहुतेक पोरं कुणी न सांगता, काही न मिळता मदतीला दुडुदुडु धावली. २००८ साली त्यांनीच अजून एक गोष्ट दाखवली : मदत केल्यावर बक्षीस मिळालेली मुलं पुढे बक्षीस नसताना कमी मदत करतात. म्हणजे माल घरात होताच, तो आम्ही स्टार लावून विकायला काढला होता.

तर जोडून सुट्टी आली आणि आम्ही गाडी काढून तेरला आईकडे गेलो. टेंभुर्णीला चहा, बार्शीमार्गे धाराशिव जिल्ह्यात. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक 'पेरिप्लस'मध्ये नाव असलेलं आमचं गाव! पण महाराष्ट्राला ते ठाऊक आहे गोरोबाकाकांमुळे. तेरणेकाठी त्यांची समाधी आहे.

पहिल्याच रात्री मी नेहमीप्रमाणे चिऊ-काऊची गोष्ट लावली. पावसात काऊचं घर वाहून गेलं वगैरे. शेवटी म्हटलं, 'म्हणून आपण कुणाला त्रास...' पलीकडून आई म्हणाली, 'अरे, गोष्ट सांगायलास का भाषण करायलास? सरक तिकडं.'

मग तिनं लेकीला नुसतं विचारलं, 'काऊ भिजत उभाय. चिऊ दारच उघडंना. काऊला कसं वाटलं असंल गं?'

'थंडी.'

'आन् अजून?'

बराच वेळ विचार. 'आई पाहिजे.'

मी गप्प झालो. तीस वर्षं ही गोष्ट ऐकतोय, सांगतोय, काऊला आई असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या रात्री नामदेवांचं कुत्रं आलं. कुत्र्यानं भाकरी पळवली. नामदेव मागं पळाले. काठी घेऊन? नाही, तुपाची वाटी घेऊन. कोरडी भाकरी घशाखाली कशी उतरेल त्याच्या? संपली गोष्ट. तात्पर्य शून्य. लेकीनं ती सलग चार वेळा सांगायला लावली आणि प्रत्येक वेळी 'काठी घेऊन?' आलं की जोरात 'नाSSही!'

खरा घोटाळा सकाळी झाला. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरात गोरोबाकाका चिखल तुडवताहेत, डोळे मिटलेले, भजनात दंग, आणि पायापाशी रांगत आलेलं बाळ. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तीन वर्षांच्या मुलीला हे काय सांगणार? तिनं बोट ठेवून विचारलंच, 'बाळाकडे बाबा का बघत नाहीत?'

'त्यांचं लक्ष नाही गं.'

'फोन बघतायत?'

माझ्या हातात तेव्हा फोन होता. ऑफिसचं मेल. आई चुलीकडे बघत राहिली. माझ्यावर उपकारच तिचे.

दुपारी मी तिला पाळणाघराचं सगळं सांगितलं, हसण्यासकट. मला वाटलं, धास्तावेल. ती ज्वारी निवडत म्हणाली, 'भेदरलं की बी लेकरं हसत्यात. तू बी हसायचास.' आणि मग तिनं आमच्या गावचीच गोष्ट मला ऐकवली. गोरोबांच्या घरी संतमंडळी जमली. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटण्यानं एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिलं, मडकं पक्कं की कच्चं. नामदेव चिडले आणि कच्चे निघाले.

'नामदेव कच्चं निघालं बाबा,' आई म्हणाली. 'तुजं तर आजून चाकावर हाय. थापटणं घिऊन कशाला बसलास?'

पुण्याला परतल्यावर फ्रिजवरचा चार्ट काढला. चमत्कार वगैरे झाला नाही हं! पुढच्याच पंधरवड्यात पाळणाघरातून पुन्हा फोन. या वेळी चिमटा. प्रगती म्हणायची. फक्त संध्याकाळी मी 'असं करतात का?' न म्हणता 'त्याला कसं वाटलं असेल?' विचारलं. उत्तर मिळालं नाही. झोपताना मिळालं, 'दुखलं असेल.' तेवढंच, आणि पाठ फिरवून झोपली.

मागच्या रविवारी सोसायटीच्या गेटपाशी एका कुत्र्यानं तिच्या हातातलं बिस्कीट पळवलं. तिनं भोकाड पसरलं. मला दोन गुद्दे घातले, जणू कुत्रं मीच पाठवलं होतं. नवं बिस्कीट हवं म्हणून लिफ्टपर्यंत रडारड. लिफ्टचं दार बंद होताना मात्र एकदम गप्प.

'बाबा, आपल्याकडे तूप आहे?'

होतं. वाटी घेऊन आम्ही परत खाली आलो तेव्हा कुत्रं निघून गेलं होतं. आम्ही पार्किंगमध्ये वाट बघत बसलो. फोन वरच राहिला होता.