मसला बाईचा, तोंड पुरुषाचे!

दांडिया बाजारात वाढलेली मी मराठी बाई. याकुतपुऱ्यातल्या माझ्या वर्गमैत्रिणीला विटाळाविषयी एक मसला विचारायचा होता. तो आधी नवऱ्याला सांगायचा, त्याने मौलवींना विचारायचा आणि उत्तर घेऊन घरी यायचे. लाजेपायी तिने प्रश्नच गिळला. "बायकांना धर्मातले काय कळते?" हे वाक्य मी तिच्या घरी ऐकले, तसेच आमच्याही.

कळत नाही कसे? हजरत आयेशांच्या नावावर परंपरेने २२१० हदीस मोजल्या जातात. अकराव्या शतकात करीमा अल-मरवझिया मक्केत 'सहीह बुखारी' शिकवीत. पुरुष विद्वान त्यांच्यापुढे शिष्य म्हणून बसत. अशा सुमारे १०,००० विदुषींची चरित्रे मोहम्मद अक्रम नदवी यांनी ४३ खंडांत २०२१ साली प्रसिद्ध केली. तेव्हा परंपरा मोडली ती शिकवणाऱ्या बाईने नव्हे, तिला गप्प बसवणाऱ्यांनी!

२००७ साली स्थापन झालेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने स्त्रियांना काझीपदाचे शिक्षण दिले, तर केवढा गहजब!

कोणी म्हणेल, "तुम्हांला काय त्याचे?" ज्ञानप्रबोधिनीत बायका पौरोहित्य शिकू लागल्या तेव्हा नाके कोणी मुरडली? आपणच ना?

सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, मुलींनाही. अक्षर दिले, मग अर्थ लावण्याचा हक्क तेवढा मागे का ठेवायचा? बाईला ग्रंथ उघडू द्या, शिकवू द्या. चुकेलही एखादे वेळी. पुरुष काय कधी चुकलेच नाहीत?