धावणाऱ्यांची करुणा आणि शासनाचे कर्तव्य

दरवर्षी एप्रिलमधील एका रविवारी लंडनच्या ग्रिनिच परिसरातून माणसांचा लोंढा निघतो आणि ४२ किलोमीटर १९५ मीटर अंतर कापून बकिंगहॅम राजवाड्यानजीक विसावतो. मूठभर नामांकित धावपटू सोडले, तर यांपैकी कोणालाही जिंकण्याची आशा नसते. पुष्कळांच्या छातीवर एखाद्या धर्मादाय संस्थेचे नाव असते. बऱ्या न होणाऱ्या व्याधींनी ग्रासलेल्या मुलांची शुश्रूषा करणाऱ्या ‘हॉस्पिस’ संस्थांची नावे त्यांत हमखास आढळतात. १९८१ मध्ये सुरू झालेल्या या शर्यतीच्या निमित्ताने २०२५ या एका वर्षी सर्व संस्थांसाठी मिळून ८ कोटी ७० लाख पौंडांहून अधिक निधी जमला. रक्कम थक्क करणारी आहे. परंतु तिच्यामागे एक अवघड प्रश्न उभा आहे. मृत्यूच्या छायेत वाढणाऱ्या बालकाची शुश्रूषा ही समाजाने स्वेच्छेने द्यावयाची देणगी आहे, की तो त्या बालकाचा हक्क आहे?

निधी जमविण्याची ही पद्धत समजून घेण्याजोगी आहे. शर्यतीत भाग घेऊ इच्छिणाऱ्यांची संख्या जागांच्या कितीतरी पट असते. २०२५ च्या शर्यतीसाठी ८ लाख ४० हजारांवर अर्ज आले. शर्यत पूर्ण करणारे सुमारे ५६ हजार होते. सामान्य अर्जदाराचे भवितव्य सोडतीवर अवलंबून असते. धर्मादाय संस्था मात्र काही जागा आयोजकांकडून आगाऊ विकत घेतात आणि साधारणपणे २ हजार पौंडांच्या आसपास निधी जमवून देण्याचे वचन देणाऱ्यांना त्या देतात. मग तो शिक्षक असो वा कारकून, महिनोन् महिने पहाटे धावण्याचा सराव करतो आणि सायंकाळी नातलग, शेजारी व सहकारी यांच्याकडून वर्गणी गोळा करतो. त्यामुळे ज्या घरांत या मुलांचा विषय एरवी कधीच निघाला नसता, तेथेही तो निघतो. या पद्धतीचे हे मोल पैशांत मोजता येणारे नाही.

ज्या कार्यासाठी ही धाव असते, त्याचे स्वरूपही ध्यानी घेतले पाहिजे. आधुनिक हॉस्पिसचा पाया डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनच्या सेंट ख्रिस्तोफर्स या संस्थेत घातला. परंतु तो प्रौढ रुग्णांसाठी होता. मुलांसाठी जगातील पहिले हॉस्पिस १९८२ मध्ये ऑक्सफर्ड येथे सिस्टर फ्रान्सिस डोमिनिका यांनी उभारले. मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर पूर्णपणे परावलंबी झालेल्या हेलन नावाच्या एका मुलीच्या आईवडिलांची दमछाक त्यांनी जवळून पाहिली होती, आणि अधूनमधून त्या मुलीला आपल्याकडे ठेवून घेऊन तिच्या घराला विसावा देण्यापासून या कार्याचा आरंभ झाला. ‘हेलन हाउस’ हे नाव त्यातूनच आले. प्रौढ रुग्ण बहुधा अखेरच्या आठवड्यांत हॉस्पिसचा आश्रय घेतो. स्नायूंचा क्षय करणारे आजार किंवा जन्मजात चयापचयाचे विकार जडलेल्या मुलाचा आजार मात्र वर्षानुवर्षे चालतो. त्याच्या वेदना आवरणे, रात्र रात्र जागणाऱ्या आईला चार दिवस झोप मिळवून देणे, दुर्लक्षित भावंडांकडे पाहणे आणि मृत्यूनंतरही त्या कुटुंबाला आधार देणे, हे सारे या शुश्रूषेत येते. अशा कामाला कायमचा, प्रशिक्षित आणि दरमहा वेतन घेणारा सेवकवर्ग लागतो.

नेमक्या याच ठिकाणी वर्गणीवर उभारलेल्या व्यवस्थेची मर्यादा उघड होते. हेलन हाउसच्या आवारातच १६ वर्षांवरील तरुण रुग्णांसाठी २००४ मध्ये ‘डग्लस हाउस’ सुरू झाले. २०१८ मध्ये ते निधीअभावी बंद करावे लागले. रुग्ण संपले नव्हते. पैसा संपला होता. पुढे २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे लंडनची शर्यत एप्रिलवरून ऑक्टोबरवर गेली, आणि तेव्हाही रस्त्यावर केवळ नामांकित धावपटूच उतरले. इतरांना आपापल्या गावी धावून समाधान मानावे लागले. शर्यत पुढे ढकलता येते. मुलाच्या वेदना पुढे ढकलता येत नाहीत.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, शासनाने हे कार्य अंगावर घेतल्यास करुणेची जागा कागदपत्रे घेतील. आक्षेप निराधार नाही. हेलन हाउस कोणा सरकारी खात्याने काढले नव्हते. परंतु शासनाने संस्था चालवाव्यात, असे कोणी म्हणत नाही. त्यांच्या मूलभूत खर्चाची हमी द्यावी, एवढीच मागणी आहे. इंग्लंडमधील बाल-हॉस्पिसांना अलीकडच्या वर्षांत मिळून सुमारे अडीच कोटी पौंडांचे सरकारी अनुदान मिळत असे. पण पुढील वर्षी ते मिळेल की नाही, याची चिंता कायम असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने तीन वर्षांसाठी मिळून सुमारे ८ कोटी पौंड देण्याचे जाहीर केले. रकमेइतकेच महत्त्व येथे मुदतीला आहे. परिचारिकेची नेमणूक एका वर्षाच्या भरवशावर करता येत नाही.

महाराष्ट्राने या अनुभवाकडे परक्याची गोष्ट म्हणून पाहू नये. मुंबईत २००४ पासून मॅरेथॉन होते आणि तीही सेवाभावी संस्थांना मोठा निधी मिळवून देते. भारतातील पहिले हॉस्पिस, ‘शांती आवेदना सदन’, १९८६ मध्ये वांद्रे येथेच उभे राहिले. बालकांच्या उपशामक शुश्रूषेचा एक प्रकल्प २०१० मध्ये ब्रिटिश अर्थसाह्याने याच राज्यात सुरू झाला आणि जव्हारसारख्या आदिवासी भागातील रुग्णालयापर्यंत पोहोचला. राष्ट्रीय उपशामक शुश्रूषा कार्यक्रम २०१२ पासून आहे. मॉर्फिन मिळण्यातील कायद्याच्या अडचणी कमी करणारी दुरुस्तीही २०१४ मध्ये झाली. उणीव योजनांची नाही. सातत्याने पैसा आणि माणसे पुरविण्याची आहे. या बाबतीत केरळचे उदाहरण बोलके आहे. तेथे कोझिकोडमध्ये १९९३ साली सुरू झालेले काम शेजारीपाजारी आणि स्वयंसेवक यांच्या छोट्या वर्गण्यांवर वाढले. परंतु २००८ मध्ये राज्याने उपशामक शुश्रूषेचे धोरण स्वीकारून पंचायतींना त्यात सामील करून घेतले. लोकांची आस्था आणि शासनाची जबाबदारी यांचा तेथे मेळ बसला.

म्हणून धावणाऱ्यांना थांबविण्याचे कारण नाही. त्यांच्या शिरावरचे अवाजवी ओझे तेवढे उतरविले पाहिजे. त्यांच्या निधीतून मुलांची खेळण्याची खोली सजावी, भावंडांची सहल निघावी, नव्या गावी नवे केंद्र उघडावे. रात्रपाळीच्या परिचारिकेचे वेतन आणि वेदनाशामक औषध यांची तरतूद मात्र अंदाजपत्रकातच हवी. एखाद्या मुलाची रात्र वेदनेविना जाते की नाही, हे कोणा अनोळखी माणसाच्या पायांतील बळावर अवलंबून राहावे, ही त्या माणसाच्या मोठेपणाची खूण खरी. पण ती शासनव्यवस्थेच्या उणिवेचीही खूण आहे.