नोंदवही कोणाच्या हाती?

‘स्त्री’ की ‘पुरुष’ हा सरकारी अर्जावरील रकाना आपण क्षणभरही विचार न करता भरतो. तृतीयपंथीयांना मात्र तो शाळेपासून नोकरीपर्यंत प्रत्येक उंबरठ्यावर अडवीत आला आहे. शासनाने त्यांची नोंद पूर्वी घेतलीच नव्हती, असे नव्हे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक भाग त्यांच्यासाठीच होता. संशयितांची नावे नोंदवहीत चढवावयाची. नोंद झालेला स्त्रीवेशात रस्त्यावर दिसला, तर त्यास दोन वर्षांपर्यंत कैद. मृत्युपत्र करण्याचा वा दत्तक घेण्याचा अधिकारही त्याला उरत नसे.

या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर १५ एप्रिल २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहावयास हवा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर न्या. राधाकृष्णन व न्या. सिक्री यांनी निःसंदिग्धपणे सांगितले, की आपली लिंगओळख ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदा होय. शिक्षण व नोकऱ्यांत आरक्षण द्यावे, असाही आदेश त्यांनी दिला.

पुढे संसदेने २०१९ मध्ये कायदा केला. त्यात स्वतः जाणलेल्या ओळखीचे तत्त्व मान्य झाले. परंतु दाखला जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या हाती राहिला, आणि पुढे स्त्री वा पुरुष म्हणून नोंद हवी असल्यास शस्त्रक्रियेचा पुरावा मागितला गेला. आरक्षणाचा त्यात उल्लेखही नव्हता. तृतीयपंथीयांवरील लैंगिक अत्याचारास कमाल शिक्षा ठेवली दोन वर्षे. स्त्रीवरील बलात्कारास मात्र किमान दहा. महाराष्ट्रातही पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा पर्याय देण्यास शासन तयार झाले ते डिसेंबर २०२२ मध्ये, उच्च न्यायालयाने कानउघाडणी केल्यावर.

तपासणीवाचून तोतये सवलती लाटतील, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु लबाडी करणाऱ्यास शिक्षा करणे हा त्यावरील उपाय आहे. सर्वांच्याच देहाची झडती घेणे हा नव्हे. जातीच्या दाखल्यासाठी वाडवडिलांचे कागद तरी असतात. ज्याला घरच्यांनीच बाहेर काढले, त्याने कोणता कागद आणावा?

पाळत ठेवण्यासाठी उघडलेली नोंदवही हक्कांची नोंदवही व्हावयाची असेल, तर तीतील पहिला शब्द ज्याचा त्यानेच लिहिला पाहिजे. अधिकाऱ्याचे काम तो नोंदवून घेण्याचे आहे, ठरविण्याचे नाही.